बंद लिफ्टचे आभार

टिकलीच्या बरोबर मधोमध सुई घालताना बॅगवालीला हसू आवरेना. टिकली कातड्याची, मसुराएवढी. सुई जरा इकडेतिकडे झाली की कड फाटलीच म्हणून समजा. तिनं श्वास रोखून सुई आरपार ओढली, दोऱ्यात आधीच्या दोन टिकल्यांशेजारी तिसरी सरकवली आणि दोरा खिडकीच्या उजेडात धरला. तीन तपकिरी टिकल्या, तिन्ही एकाच पट्ट्यातून निघालेल्या. तो पट्टा तिच्या नवऱ्याचा.

"आज तुमची अशी जिरवते ना," ती आपल्या बॅगांच्या रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणाली आणि दोरा ॲप्रनच्या खिशात टाकला.

नवऱ्याचं पोट हा त्या घरातला फार जुना विषय होता. माणूस लिफ्टचा मेकॅनिक. सगळा जन्म लोकांना वरखाली करण्यात गेला, पण स्वतः कधी आपणहून एक जिना चढला असेल तर शपथ. निवृत्त झाल्यावर तर पोटानं ताळच सोडला. तिनं ओरडून पाहिलं, साखरेचा डबा लपवून पाहिला, रोज सकाळी फिरायला पिटाळून पाहिलं. पठ्ठ्या कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत यायचा. पालथ्या घड्यावर पाणी! आणि मग वसंतात त्यांच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली. घर चौथ्या मजल्यावर. "तुम्हीच का नाही दुरुस्त करत?" असं शेजारीपाजारी विचारून दमले. "सुटा भाग मिळत नाही हो," एवढंच तो सांगायचा. उन्हाळा लागता लागता त्याची पँट कमरेवरून घसरायला लागली.

त्या दिवशी तिला कोण आनंद झाला होता! तिनं पट्टा आपल्या कामाच्या पाटावर ठेवला, भोकं पाडायचा पंच लावला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. टिकली टुणकन उडून तिच्या मांडीवर पडली. "बघा! जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते बंद लिफ्टनं करून दाखवलं." मग उन्हाळा सरताना दुसरं भोक. आणि गेल्या आठवड्यात तिसरं. टिकल्या तिनं बटणांच्या डबीत जपून ठेवल्या होत्या, आजच्यासाठी. कारण आज फांदीचा दिवस होता.

फांदीची गंमत अशी. मुलं लहान असताना महाकुरकुरी. पानगळीच्या सुट्टीत घरात बसली की नुसती भुणभुण, हे नाही आणि ते नाही. एका वर्षी वैतागून तिनं बागेतली मोडून पडलेली फांदी उचलून आणली आणि वाळू भरलेल्या बादलीत उभी केली. दुकानातल्या कातड्याच्या तुकड्यांची पानं कापून तिच्यावर टांगली, तांबडी, पिवळी, विटकरी. मग मुलांना बजावलं, वर्षभरात ज्यानं तुमचं काही भलं केलं त्याच्या नावानं एकेक वस्तू फांदीला बांधा आणि मोठ्यानं आभार माना, तरच जेवण. मुलांनी नाकं मुरडली, पण भुकेपुढं कोणाचं चालतं? तेव्हापासून दरवर्षी फांदी. नियम एकच, तोही तिचाच. आभार बाहेरच्यांचे मानायचे, घरातले बाद. "घरातल्यांचे कसले आलेत आभार?" ती म्हणायची. "उद्या श्वास घेतो म्हणून नाकाचे आभार मानाल."

नवऱ्यानं त्या प्रकाराचा पार तमाशा करून टाकला होता. एका वर्षी त्यानं शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे आभार मानले, का तर त्याच्या भीतीनं विमेवाला दारात यायचा थांबला. एका वर्षी दातांच्या डॉक्टरचे, कारण त्यानं बायकोचं तोंड तासभर उघडं ठेवूनही तिला एक शब्द बोलू दिला नव्हता. मुलं हसून हसून लोळायची. दरवर्षी बाजी त्याचीच. यंदा मात्र तिची होती. बंद लिफ्टचे आभार! सगळं भाषण तिनं पाठ करून ठेवलं होतं.

दुकानाचा मेन स्विच खाली ओढताना तिला पुन्हा त्याची चीड आली. गेला महिनाभर त्यानं नवीच टूम काढली होती. हिला धरून धरून शिकवायचं. फ्यूज कसा बदलायचा, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा, मशीनच्या मोटरला तेल कुठून सोडायचं.

"मग तुम्ही कशाला आहात?" परवाच ती फणकारली होती.

"मी आहेच की," तो म्हणाला होता. "पण गेलो कुठं सुट्टीवर, तर?"

"जाणार आहात मोठे! कोपऱ्यावरच्या बाकापलीकडं पाऊल पडत नाही."

त्यावर तो खूप हसला होता आणि तिच्या हातात पान्हा देऊन म्हणाला होता, "फिरव. उलटा नको, सुलटा."

शटर ओढून ती घरी आली आणि जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी पावलांचा आवाज ऐकून दार उघडलं.

"एकटीच का गं? मला वाटलं साहेब आले. ते थांबतात ना घटकाभर. मी खुर्चीच काढून ठेवते बाहेर."

"त्यांना काय हो, गप्पांना दारं पुरत नाहीत," बॅगवाली म्हणाली आणि खिशातला दोरा चाचपत वरचा जिना चढली.

घराचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकणार तोच तिची नजर खाली चपलाबुटांकडे गेली आणि ती होती तिथंच थिजली. एका बाजूनं झिजलेली टाच. चामड्याच्या धंद्यात जन्म गेलेल्या बाईला टाच बघितली की माणूस कळतो, आणि अशीच झिजलेली टाच तर तिनं लहानपणी आपल्या हातानं किती वेळा ठोकून दिली होती. तिच्या धाकट्या बहिणीचे बूट! जिनं आईच्या शिलाई मशीनवरून भांडून या घराची पायरी सोडली, फोन उचलला नाही, मुलीच्या लग्नाला आली नाही, तिचे बूट इथं आज कसे?

आत शिरली तर दुसरा धक्का. तिचा मुलगा स्टुलावर उभा राहून फांदीच्या शेंड्याला पानं टांगत होता. मुलगा जहाजावर आचारी. या दिवसांत त्याला कधी सुट्टी मिळाल्याचं तिला आठवत नव्हतं.

"ये, ये, मुकादम!" खुर्चीतून नवरा ओरडला. तो तिला नेहमी मुकादमच म्हणायचा. "कामगार सगळे हजर आहेत. हजेरी घे."

"अगं बाई! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" ती म्हणाली. मुलानं स्टुलावरून उडी मारून तिला घट्ट धरलं, जरा जास्तच वेळ धरलं. बहीण खिडकीपाशी उभी होती. केस पार पांढरे झाले होते तिचे.

"ताई," ती म्हणाली.

"बस की. उभी का?" बॅगवालीनं म्हटलं. एवढ्या वर्षांचं भांडण, आणि तोंडातून निघालं काय तर हे. थोरली लेक पुढं झाली, मावशीच्या हातात चहाचा कप दिला आणि वेळ निभावली. थोरली जवळच राहायची, बालवाडीत शिकवायची. रडकी पोरं सांभाळायची सवय तिला होती.

एक गोष्ट मात्र बॅगवालीच्या डोळ्यांत सलली. स्टुलावर चढायचा मान नवऱ्याचा. तो दुसऱ्या कुणाला तिथं हात लावू द्यायचा नाही, आणि आज साहेब खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. आळस बघा! तिनं मनातल्या मनात भाषणात आणखी एक वाक्य घातलं.

जेवण झाकून ठेवलं. सगळे फांदीभोवती बसले. कातड्याच्या पानांना मेण लावलेलं असल्यामुळं दिव्याखाली ती ओली असल्यासारखी चमकत होती. पहिली पाळी मुलाची. त्यानं खिशातून एक काळपट पितळी बक्कल काढलं.

"माझ्या शाळेच्या दप्तराचं," तो म्हणाला. "सगळ्यांची दप्तरं नवीकोरी असायची आणि माझं आईनं तुकडे जोडून शिवलेलं. मी रोज चिडायचो. ते दप्तर अजून माझ्याबरोबर जहाजावर असतं. आभार आईचे."

"बाद!" बॅगवालीनं टेबलावर थाप मारली. "घरातले बाद! नियम म्हणजे नियम. दुसरं कोणीतरी सांग."

कोणी हसलं नाही. मुलगा काही बोलायला गेला, पण थोरलीनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं मुकाट्यानं बक्कल फांदीला बांधलं. मग थोरली उठली. तिच्या हातात बाळाचा एवढासा मोजा होता.

"माझं बाळंतपण अवघड होतं," ती म्हणाली. "आई दुकान बंद ठेवून उशाशी बसली. आणि मी तिच्यावरच खेकसत होते. आभार आईचे."

"अगं, तूसुद्धा?" बॅगवाली म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज खाली आला होता. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जन्मभर मुलांनी तिला 'आई, हे कुठं आहे' आणि 'आई, ते कुठं आहे' याशिवाय काही विचारलं नव्हतं. तिनं कौतुकानं नवऱ्याकडे बघितलं. तो फांदीकडे बघत होता.

आता बहीण उठली. तिनं पर्समधून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि आतली लहानशी लोखंडी वस्तू तळहातावर धरली. बॅगवालीनं ती बघितल्याबरोबर ओळखली. आईच्या मशीनची बॉबिनची डबी. मशीन घरी आणलं तेव्हा तीच नेमकी गायब होती. तिनं बाजारातून दुसरी आणून बसवली होती. ती अजून खडखड वाजायची.

"मीच काढून नेली होती," बहीण म्हणाली. "तुला ते चालवता येऊ नये म्हणून. ताई, आईनं मशीन तुला दिलं ते बरोबरच केलं. तू त्याच्यावर घर उभं केलंस. मी असते तर विकून टाकलं असतं." तिचा आवाज फुटला. "आभार तुझे."

आणि तिथं बॅगवालीला शंका आली.

एक वेळ मुलाचं समजू शकतो. लेकीचंही. पण ही बहीण? दगडाला पाझर फुटेल, पण हिचा हेका सुटायचा नाही, अशी तिची ख्याती. ती आज आपणहून येते, चोरी कबूल करते, सगळ्यांसमोर रडते? याच बहिणीला असं रडताना बॅगवालीनं एकदाच बघितलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा. त्या शेवटच्या दिवसांत सगळे असेच गोळा झाले होते, लांबलांबचे, भांडलेले, आणि एकेक जण आईचा हात धरून गोड बोलत होता. आई बिचारी खुशीत होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

बॅगवालीचा हात आपोआप गळ्याशी गेला. तिथं एक गाठ होती, सुपारीएवढी. उन्हाळ्याच्या शेवटी तिथं सुई घालून तपासायला घेतलं होतं. रिपोर्ट आणायला तिला जमलं नव्हतं, शाळा उघडायच्या दिवसांत दप्तरांचा ढीग पडला होता. नवरा जाऊन घेऊन आला. "साधी गाठ आहे, काही करायचं नाही," असं त्यानं सांगितलं आणि त्या संध्याकाळी ताटावरून तसाच उठला. तिला वाटलं, काळजी उतरली म्हणून भूक मेली असेल. किती खुळी आपण!

"पाणी आणते," ती कशीबशी म्हणाली आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली.

थोरली मागोमाग आली. बॅगवालीनं नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"किती दिवस राहिलेत माझे?"

"आई! काय बोलतेस?"

"मला शिकवू नकोस. त्या गाठीचं काय निघालं? तुझे बाबा म्हणाले साधी आहे, आणि मी विश्वास ठेवला. मावशी उगाच आली का? भाऊ तुझा उगाच जहाज सोडून आला? जिवंतपणी माझं एवढं कौतुक चाललंय, मला काय कळत नाही?"

"गाठ साधीच आहे," थोरली म्हणाली. "खरंच, आई. रिपोर्ट मी डोळ्यांनी बघितलाय. तुझी शपथ."

"माझीच शपथ मला घालतेस होय गं?"

"बाळाची शपथ."

बॅगवालीनं लेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं. या पोरीनं बाळाची शपथ खोटी घेतली नसती. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं ओट्याला टेकून मोठा श्वास घेतला आणि तिला हसूच फुटलं.

"मग हा काय चावटपणा? माझा जीव गेला असता इथं उभ्याउभ्या! कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

थोरली हसली नाही. "बाबांच्या," ती म्हणाली. "बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, यंदा प्रत्येकानं आईचंच बांधायचं. मनात असेल तेच बोला, पण बोला. मावशीला तर ते स्वतः जाऊन घेऊन आले."

"स्वतः? केव्हा?"

"परवा. तुला म्हणाले ना, मित्राकडे जातो म्हणून."

"अगं, पण यंदाच का?"

थोरलीनं नळाखाली कप धरला. तो भरून वाहायला लागला तरी ती तशीच उभी. "पुढच्या वर्षी..." ती म्हणाली. रडक्या पोरांना गप्प करणारी ती लेक हुंदका गिळत होती. "ते तुझा रिपोर्ट आणायला गेले होते ना. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात दिला, बाईंना काही नाही म्हणाले, आणि बाबांकडे बघतच राहिले. विचारलं, तुमचं वजन कधीपासून उतरतंय? आणि त्यांनाच तपासायला घेतलं."

नळ वाहत होता. बॅगवालीला वाटलं आपल्याला काहीतरी चुकीचं ऐकू आलं. मग वाटलं की नाही, बरोबरच ऐकू आलं.

"कुठं आहे?" तिनं विचारलं.

"पोटात, आई."

पोटात! ज्या पोटाला ती जन्मभर शिव्या घालत आली ते पोट. ते उतरलं म्हणून टाळ्या पिटणारी तीच. अर्धवट उघड्या दारातून बाहेरची खोली दिसत होती. नवरा खुर्चीतून उठत होता, एका हातानं खुर्चीची पाठ धरून आणि दुसऱ्या हातानं पँट वर ओढून. पट्ट्याचं टोक बक्कलमधून निघून लांबच्या लांब लोंबत होतं. एवढं लांब टोक कुठल्या पट्ट्याला राहतं? परक्या डॉक्टरला एका नजरेत दिसलं ते. आणि तिनं? तिनं तो पट्टा तीनदा हातात घेतला होता. तीनदा त्याच्या कमरेला लावून बोटानं माप धरलं होतं, खूण केली होती, ठोका दिला होता. गिऱ्हाइकाच्या पिशवीची वीण गुंजभर सैल झाली तर जिला लांबून दिसायची, तिला हे दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि जिन्यातली ती खुर्ची. आणि तो पान्हा, उलटा नको, सुलटा.

"औषधपाणी?" ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना.

"चालू आहे. पण उशीर झालाय म्हणतात. सुट्टी संपली की तुला सांगणार होते. तोवर तिला हसू दे म्हणाले. मला शपथ घातलीय, आई. तू काही दाखवू नकोस."

बाहेरून हाक आली. "अगं मुकादम! पाणी आणायला विहीर खणतेस काय?"

बॅगवालीनं नळ बंद केला. तोंडावर पाण्याचा हबका मारला, ॲप्रननं पुसलं. खिशात हात गेला तर बोटांना दोरा लागला. तिनं तो मुठीत धरला आणि बाहेर आली. कशी आली ते तिचं तिला माहीत.

नवरा फांदीशेजारी नाटकी थाटात उभा होता. "या मंडळींनी कायदा मोडला," तो म्हणाला. "मी नियमाचा माणूस. घरातले बाद म्हणजे बाद." त्यानं शर्टाच्या खिशातून एक निळं प्लास्टिकचं टोकन काढलं, इस्पितळात रांगेसाठी देतात तसलं, वर नंबर कोरलेला. "हे परत द्यायचं विसरलो. आमच्या मुकादमाला काही झालेलं नाही असं ज्या डॉक्टरांनी मला सांगितलं, त्यांचे आभार. खरं सांगतो, त्या दिवसाइतका खूश मी कधी झालो नाही."

त्यानं टोकनाला दोरी ओवून ठेवलेली होती. ती बांधताना त्याची बोटं अडखळली, पण त्यानं कोणाला मदत करू दिली नाही. बहिणीनं रुमालात तोंड खुपसलं. मुलगा छताकडे बघायला लागला. नवरा मात्र खरोखरच हसत होता. त्या माणसाला त्याच दिवशी, त्याच खोलीत, दोन बातम्या मिळाल्या होत्या, आणि तो पहिलीचे आभार मानत होता.

"चला, शेवटची पाळी मुकादमांची," तो म्हणाला. "मूठ उघड. केव्हाचा बघतोय, काहीतरी लपवलंयस."

"मी यंदा काही आणलं नाही."

"खोटं! सकाळपासून गालातल्या गालात हसत होतीस. मला दिसत नाही होय?"

त्याला दिसत होतं. तिनं मूठ आणखी आवळली. तो तिच्यापाशी आला, खुर्चीच्या कडेला टेकला आणि तिचं एकेक बोट उघडायला लागला, मुलांच्या मुठीतून गोळ्या काढाव्यात तसं. त्याच्या हातात जोर नव्हता. तिनंच बोटं सैल सोडली.

तळहातावर दोऱ्यात ओवलेल्या तीन तपकिरी टिकल्या. मुलाला काही कळलं नाही, बहिणीलाही नाही. थोरलीला कळलं. तिनं तोंडावर हात धरला.

नवरा टिकल्यांकडे बघत राहिला. मग त्यानं आपल्या पट्ट्याकडे बघितलं, पुन्हा टिकल्यांकडे, आणि तो खो खो हसत सुटला. हसता हसता त्याला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्याच पट्ट्याच्या? अगं लबाडे! जपून ठेवल्यास? बोल, बोल, कोणाचे आभार?"

तो वाट बघत होता. लहान मुलासारखा वाट बघत होता. सगळं आयुष्य त्यानं हिला हसवलं, आणि आज हिची पाळी होती. तिला भाषण तोंडपाठ होतं.

"बंद लिफ्टचे," ती म्हणाली.

"वा!" त्यानं मांडीवर थाप मारली. "पुढं?"

"मी... मी इतकी वर्षं ओरडले. साखरेचा डबा लपवला. फिरायला पिटाळलं, तर हे बाकावर बसून परत. बायकोनं हात टेकले." तिनं टिकल्यांवरून अंगठा फिरवला. "तेव्हा लिफ्टनं विडा उचलला. म्हणाली, मी बसते बंद पडून, बघते कसा चढत नाही. चार मजले रोज. आणि ही तीन भोकं. जे बायकोला जमलं नाही..." इथं तिचा आवाज गेला. तिनं तो पुन्हा शोधून आणला. "जे बायकोला जमलं नाही ते लिफ्टनं केलं. म्हणून आभार."

तो एकटाच हसला, अगदी मनापासून, डोळे पुसत पुसत. "जिंकलीस," तो म्हणाला. "यंदा तू जिंकलीस, मुकादम. माझं टोकन फिकं पडलं."

बॅगवालीनं दोरा टोकनाशेजारी बांधला आणि दुहेरी गाठ मारली. मग ती नवऱ्यासमोर वाकली. पट्ट्याचं लोंबणारं टोक हातात घेतलं, मागं वळवलं आणि पँटच्या पुढच्या पट्टीत नीट खोचलं. त्याच्या कमरेवरचा हात तिनं काढला नाही. कापडाखालची हाडं तिच्या बोटांना लागत होती.

"झालं हसून?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग सुट्टी संपली की मला घेऊन चला त्या डॉक्टरांकडे."

"तुला कशाला? तुझं तर काही..." तो बोलता बोलता थांबला. त्यानं थोरलीकडे बघितलं. थोरलीनं मान खाली घातली. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग कमरेवरच्या तिच्या हाताकडे.

"लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. "उतरायचं, पुन्हा चढायचं, मला फार वेळ लागतो."

"लागू दे," ती म्हणाली. "मजल्यामजल्यावर थांबू."